सायकलीने कोकण : सुटीतील एका सफरीचा बेत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून सायकलीविषयी बोलावयाचे म्हणजे काहींना आश्चर्य वाटेल. निकाल, शिष्यवृत्त्या, दहावीनंतर कोणती शाखा, हे विषय सोडून मास्तर सायकल कोठून घेऊन आले? पण मला वाटते की, आज मी जे मांडणार आहे तेही शिक्षणच आहे, आणि त्यासाठी मला आपल्याकडून एक परवानगी हवी आहे. ती शेवटी मागेन.

वर्गात मी मुलांना कधीकधी विचारतो, "तुझे गाव कोठले?" आपल्या कळवा, मुंब्रा, कौसा, राबोडी भागातील पुष्कळ घरांची मुळे कोकणात आहेत. म्हणून उत्तरे येतात : म्हसळा, श्रीवर्धन, बाणकोट, दापोली, दाभोळ. मग मी पुढचा प्रश्न करतो, "तुझ्या गावाजवळची खाडी कोणत्या नदीची?" येथे वर्ग गप्प होतो. यात मुलांचा काय दोष? रात्री गाडीत बसायचे, पहाटे उतरायचे, लग्न किंवा ईद करून परत यायचे. मधला सारा मुलूख त्यांनी झोपेत ओलांडलेला असतो. ज्यांची गावे खानदेशात, मराठवाड्यात किंवा उत्तर प्रदेशात आहेत त्यांची स्थिती याहून निराळी नाही.

बेत असा आहे. नाताळच्या सुटीत कळव्याहून निघावयाचे आणि समुद्राच्या कडेकडेने, सावकाश, दहा दिवसांत रत्नागिरीस पोहोचावयाचे. सारे अंतर चारशे किलोमीटरच्या आतबाहेर भरेल. नऊ दिवस चालवणे आणि एक दिवस पूर्ण विसावा धरला तर रोजचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात. सामान लादलेली सायकल ताशी बारा किलोमीटर सहज जाते, म्हणजे दिवसाचे चार तास. उरलेला दिवस पाहण्यासाठी, विचारण्यासाठी, आणि हो, झाडाखाली पडून राहण्यासाठी. ही शर्यत नव्हे. ज्याला वेगाचा हव्यास असेल त्याने कृपया नाव देऊ नये.

सायकलीवर दूर जाणे आपल्याकडे नवे नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पूर्ण करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. चव्वेचाळीस हजार मैल, तेही त्या काळच्या रस्त्यांवरून! त्यांच्या मानाने आपले चारशे किलोमीटर म्हणजे अंगणात फेरी.

आता वाट सांगतो. मुंबईच्या गर्दीत शिरण्याचे आपल्याला कारणच नाही. कळव्याहून विटावा, ऐरोली, वाशी, बेलापूर असे खाली उतरून उरण गाठावे आणि करंजाच्या धक्क्यावरून तरीने धरमतरची खाडी ओलांडून रेवसला लागावे. एवढ्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. या टप्प्यात उरणकडे बंदराच्या मोठ्या ट्रेलरांची वाहतूक फार असते. म्हणून तो रविवारी, फजरची नमाज होताच निघून काढावयाचा. माझ्या मते साऱ्या सफरीतला जपण्याचा दिवस हाच. खरे कोकण रेवसपासून सुरू होते.

तेथून अलिबाग, पुढे चौल आणि रेवदंडा. चौलला थांबावेच लागेल. अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास याच बंदरात उतरला. बहामनी राज्याचा तो काळ. रेवदंड्याला त्याचे स्मारक उभारलेले आहे. चौलहून जुन्नरला जायला त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले, आणि पावसाळा त्याने जुन्नरातच काढला. त्या सावकाशीमुळेच लोक काय खातात, काय नेसतात, घोड्याला चारा कोणता घालतात, हे तो लिहून ठेवू शकला. पुढे बीदर वगैरे पाहून तो परत जाण्यासाठी जहाजात बसला तो दाभोळला. म्हणजे त्याचे येण्याचे बंदर आणि जाण्याचे बंदर, दोन्ही आपल्या वाटेवर आहेत. इतिहासाच्या पुस्तकात बहामनी राज्य दोन पानांत आटोपते. येथे ते चाकाखालून जाईल.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की काशीद, मग मुरुड. जंजिऱ्याचा किल्ला आपण सर्वांनी चित्रात पाहिला आहे. सिद्दींच्या हातून तो कोणी जिंकून घेऊ शकले नाही. मुरुडला अंजुमन इस्लाम जंजिरा या संस्थेचे शिक्षणकार्य आहे, तेही मुलांनी पाहावे असे माझ्या मनात आहे. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ या किनाऱ्यावर आदळले आणि सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड फळाला यायला पाच-सहा वर्षे घेते, तेव्हा त्या वादळाचा अर्थ बागाईतदारांच्या तोंडूनच ऐकावा.

बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेसवी, बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. तो पाहिला म्हणजे व्यापारी गणित वेगळे शिकवावे लागणार नाही. जवळच दापोली तालुक्यातील मुरुड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण या गावात गेले. परीक्षेसाठी ते येथून सह्याद्री चढून साताऱ्यास चालत गेले, शंभर मैलांवर, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. परीक्षाकेंद्र लांब पडले म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट त्या गावात उभा राहून सांगणार आहे.

मग दाभोळ. मक्केला जाणारे यात्रेकरू येथून जहाजात बसत. पोर्तुगिजांनी १५०८ च्या अखेरीस हे शहर जाळले. आदिलशाही काळातील दगडी मशीद मात्र धक्क्याजवळ आजही उभी आहे. विसाव्याचा दिवस मी येथेच धरला आहे. पुढे धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळहून जयगड, केशवसुतांचे मालगुंड, आरे-वारेचा किनारा आणि रत्नागिरी. तेथे ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याचा राजवाडा आहे. परतीला कोकण रेल्वे. सायकली पार्सल कचेरीत नोंदवून ब्रेकच्या डब्यातून ठाण्यास येतील.

वाटेत पाच वेळा तरीत बसायचे आहे, याची मुलांना सर्वांत मौज वाटेल. सागरी महामार्गासाठी काही खाड्यांवर पुलांची कामे निघाली आहेत, म्हणून प्रत्येक ठिकाणी बोट चालू आहे ना आणि शेवटची फेरी केव्हा सुटते, हे आदल्या मुक्कामीच विचारून ठेवायचे.

समुद्राकाठचा रस्ता सपाट असतो हा एक गोड गैरसमज आहे. दोन खाड्यांच्या मध्ये डोंगराची सोंड असते. ती चढून जांभ्या दगडाच्या सड्यावर यायचे आणि पलीकडे पुन्हा खाडीपर्यंत उतरायचे. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. म्हणून चढ सकाळीच उरकावेत आणि दोन बाटल्या भरलेल्या असाव्यात. चढावर उतरून सायकल हाती धरून चालण्यात मुळीच कमीपणा नाही. उतारावर मात्र ब्रेकचे रबर नवे हवे.

दक्षिणेकडेच का जायचे, असे एका मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून जो वारा येतो तो बहुधा वायव्येचा, म्हणजे दक्षिणेस जाणाऱ्याच्या पाठीचा. वाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याला सोबत घेतलेले बरे. जून ते सप्टेंबर हा काळ वर्ज्यच. रमजानचाही हिशेब पाहावा लागतो. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि २०३० साली तर जानेवारीच्या सुरुवातीस येऊन डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. म्हणजे नाताळची सुटी आपल्याला मोकळी मिळण्याची वर्षे आता मोजकीच आहेत.

सायकल कोणती घ्यावी? पालकांना धसका बसतो तो येथे. दुकानात हजारोंच्या सायकली मांडलेल्या असतात. मी सांगतो, घरात आहे तीच घ्या. फक्त थोडे गणित करा. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायंडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्यात साडेपाच मीटर अंतर. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले की तेच अंतर साडेचार मीटर होते. वेग घटतो, पण चढावर गुडघ्यांवरचा भार हलका होतो. गिअरच्या महागड्या सायकलीत हीच युक्ती आहे. बैठकीची उंची अशी ठेवा की टाच पायंडलावर टेकली असता पाय सरळ व्हावा. आपली बहुतेक मुले बैठक फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सांगतात.

बरोबर पंप, ठिगळे, सोल्युशन, पान्हे, दोन जादा ट्यूब आणि तेलाची कुपी हवी. प्रत्येकाला स्वतःचे पंक्चर काढता आलेच पाहिजे, ही माझी अट आहे. कपडे तीन जोड, एक चादर, टोपी किंवा ओढणी. सामान पाठीवर घ्यायचे नाही, मागच्या कॅरिअरला बांधायचे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा सर्वांना सक्तीचा. मगरिबनंतर रस्त्यावर एकही चाक फिरणार नाही.

जेवण आणि नमाज यांविषयी वडीलधाऱ्यांनी काळजी करू नये. या वाटेवर बहुतेक मुक्कामी आपली जमात आहे, मशीद आहे. प्रवासात नमाज कसर करण्याची सवलत आहे. तिच्या अटी निघण्याआधी मौलानासाहेबांकडून समजून घेऊ. राहण्यासाठी शाळा, जमातीची जागा किंवा कोणाचे घर. गावाकडे आज कितीतरी घरांत एखादी आजी किंवा आजोबाच उरलेले आहेत. दहा-बारा मुलांनी तेथे एक रात्र उतरावे, तांदळाची भाकरी आणि कालवण खावे, त्यांच्याकडून गावाची हकिगत लिहून घ्यावी. शिध्याचा खर्च आपण देऊच. पण ते घेतील असे मला वाटत नाही.

आणि मुली? हा प्रश्न मला दबक्या आवाजात विचारला गेला, म्हणून मी मोठ्याने उत्तर देतो. होय, मुलीसुद्धा. बिहारमध्ये २००६ साली सरकारने नववीच्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रवेश सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली दूरच्या गावांतील मुलींना सायकली मिळतात. आपल्या मुली कळव्याच्या बाजारातून, स्टेशनाच्या पुलावरून रोज एकट्या येतात-जातात, त्यांना शिक्षिकांच्या सोबतीने दिवेआगरच्या मोकळ्या रस्त्यावर भय कसले? दोन शिक्षिका येण्यास तयार आहेत. मुलींचा मुक्काम निराळा राहील. ज्यांची आई बरोबर येऊ इच्छिते त्यांचे स्वागत आहे, सायकल येत नसेल तर सामानाच्या टेम्पोत जागा आहे.

त्या टेम्पोत प्रथमोपचाराची पेटीही असेल आणि थकलेल्या मुलाची सायकलही चढेल. प्रत्येक मुक्कामावरून रोज संध्याकाळी घरी फोन होईल. प्रत्येक दिवसाचा टप्पा, मुक्काम आणि जवळचा दवाखाना यांचा कागद पालकांना आधीच मिळेल.

आता परवानगी. सहीचा कागद मुलांकडून येईल. तो "अभ्यास बुडतो" या एका कारणावरून परत पाठवू नका, कारण शाळा त्या दिवसांत बंदच आहे. त्याच कागदाच्या पाठीमागे, आपले गाव या वाटेवर असल्यास गावाचे नाव आणि तेथे कोण राहते ते लिहा. सरावाला रविवारी फजरनंतर शाळेच्या फाटकापाशी जमायचे आहे : विटावा, ऐरोली, वाशी आणि परत. चार रविवार सराव होईल, आणि ज्याचे तीन भरतील तोच यादीत येईल. येताना हवा भरून या. त्या वेळी दुकाने उघडलेली नसतात.