घळीतील वाट



जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला, आल्प्स पर्वताच्या कुशीत, ओबरस्टडॉर्फ हे गाव आहे. त्याच्या जवळच ब्राइटाख नदीने चुनखडकात सुमारे अडीच किलोमीटर लांबीची घळ कोरली आहे. हिमयुगाच्या अखेरीस हिमनदी मागे सरली आणि त्यानंतरच्या सुमारे दहा हजार वर्षांत पाण्याने हा कातळ चिरत नेला. काही ठिकाणी घळीची खोली दीडशे मीटरपर्यंत आहे. कुकडीकाठचे निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वाहत्या पाण्याची ही करामत ओळखीची वाटेल.

लगतच्या टीफेनबाख खेड्यातील शेतकरी गरीब होते. घळीत वाट झाली तर प्रवासी येतील आणि गावाला चार पैसे मिळतील, हा विचार तेथील धर्मगुरू योहानेस शीबेल यांनी मांडला. गावकऱ्यांची संस्था उभी राहिली. १९०४ साली सुरुंगांनी कातळ फोडण्यास आरंभ झाला आणि १९०५ च्या जुलै महिन्यात वाट खुली झाली.

आज दिवसभराच्या पदभ्रमंतीसाठी निघालेले गट सकाळी टीफेनबाखहून घळीत शिरतात. वाट अरुंद, एका बाजूस ओला कडा, दुसऱ्या बाजूस कठडा आणि खाली फेसाळणारे पाणी. त्याच्या गर्जनेत शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. येथे पुढच्याला ओलांडून जाणे अवघड. त्यामुळे चपळ तरुणाची चाल आपोआप एखाद्या आजीच्या चालीशी जुळते. माथ्यावर रान आणि कुरणे लागतात. पुढे ऑस्ट्रियाची सीमा येते. सीमेपलीकडचे क्लाइनवाल्सरटाल हे खोरे ऑस्ट्रियाचे असले, तरी तेथे जाणारा गाडीरस्ता मात्र केवळ जर्मनीतूनच आहे. शेजाऱ्याच्या अंगणातून स्वतःच्या घरी जावे, तसाच हा प्रकार.

सप्टेंबर १९९५ मध्ये या घळीत दरड कोसळली. सुमारे ५०,००० घनमीटर खडकाने प्रवाह अडविला आणि पाणी तीस मीटर उंचीपर्यंत तुंबले. मार्च १९९६ मध्ये तो बांध फुटला. लोंढ्याने वाटेची मोडतोड केली. वाट पुन्हा बांधण्यात आली. एवढी मोठी आपत्ती विरळा. परंतु दर वर्षी हिवाळा सरताना बर्फ वितळते, कड्यांवरील दगड सैल होतात. तेव्हा घळ बंद ठेवतात, कामगार ते दगड पाडून वाट साफ करतात आणि मगच पाहुण्यांना आत सोडतात.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालते, तेव्हा तिच्या संस्थापकांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी १९०४ साली कातळ फोडला, त्यांच्या पुण्याईवर १९९६ नंतरची वाट उभी राहिलेली नाही. ती पुढच्या पिढीला नव्याने बांधावी लागली. मुलांना मराठीतून शिकविण्याचा निर्णय प्रत्येक पालक नव्याने घेतो. पटसंख्या घटणे, शिक्षक न मिळणे, घरातील बोली बदलणे हे दर वर्षी सैल होणारे दगड आहेत. त्या वाटेने चालून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून काही दिवस ते दगड वेचावयास परत यावे, एवढीच अपेक्षा या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने करता येईल.