फारसी कानाला कळते का?



मी फारसी शिकवतो. आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. विद्यार्थ्याला ऐकलेली फारसी समजते की नाही, हे तपासायचे कसे?

आपल्याकडे फारसी बहुधा पुस्तकातून शिकली जाते. पुस्तकात 'नान', 'खाने', 'मीरवम' असते. तेहरानच्या रस्त्यावर तेच 'नून', 'खूने', 'मीरम' होते. म्हणून परीक्षेत नुसती बातमी ऐकवून भागत नाही. बाजारातले, घरातले बोलणेही ऐकवले पाहिजे.

दुसरी अडचण श्रुतलेखनाची. फारसीत 'स' या एका उच्चारासाठी तीन अक्षरे आहेत, तर 'झेड'च्या उच्चारासाठी चार. मुलाने शब्द नीट ऐकला पण अक्षर चुकीचे लिहिले, तर गुण जातात. तो ऐकण्यात नापास नसतो, शुद्धलेखनात असतो. यासाठी मी उत्तरे मराठीत किंवा उर्दूत घेतो. प्रश्नही आधी वाचायला देतो; नाहीतर आपण स्मरणशक्ती मोजत बसतो.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. मराठी-उर्दूत फारसीतून आलेले शब्द ढीगभर आहेत. त्यांचा आधार होतो, तसा फसवाफसवीचाही खेळ होतो. 'गरीब' ऐकले की आपला विद्यार्थी निर्धन समजतो. इराणी माणसाच्या बोलण्यात तो परका, अनोळखी असतो. 'तमाशा' म्हणजे तिथे पाहणे. असा एक तरी प्रश्न ठेवा. ओळखीच्या शब्दावरून अंदाज बांधणारा कोण आणि पूर्ण वाक्य ऐकणारा कोण, ते लगेच कळते.

शेवटी तिथला शिष्टाचार, तआरुफ. पैसे विचारले की दुकानदार म्हणतो, 'काबेल नदारे', म्हणजे 'त्याचं काय एवढं!' आता विचारा, पैसे द्यायचे की नाही? ज्याला फक्त शब्द कळले तो 'नाही' लिहील. ज्याला बोलणे कळले तो पैसे काढेल.

मित्रहो, परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवले जाते. फारसीची पदवी घेतलेल्या आपल्या मुलीला इराणी पाहुण्याची दोन वाक्ये समजत नसतील, तर दोष तिचा नाही. तिला कोणी ऐकवलेच नाही. फारसीला आपण वारसा म्हणतो. मग ती जिवंत माणसांची भाषा आहे, हेही मानू या. प्रश्नपत्रिकेत ऐकण्याला स्वतंत्र गुण असावेत, एवढीच माझी मागणी आहे.