दुखणे थांबले तरी शंका थांबू नये
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेची माणसे; वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि देयकांच्या कागदांतून रोगाचीही ओळख होत जाते. अशाच एका विरळ आजाराविषयी आज बोलावयाचे आहे.

आतड्याचा एक भाग कधी कधी दुर्बिणीच्या नळीप्रमाणे पुढच्या भागात सरकतो व मार्ग अडतो. यास डॉक्टर ‘इंटससेप्शन’ म्हणतात. हा मुख्यतः तान्ह्या मुलांचा आजार. शंभरांत सुमारे ५ रुग्ण प्रौढ असतात. बालकांत हवेच्या वा द्रवाच्या दाबाने आतडे बहुधा पूर्ववत होते. प्रौढांत मात्र बहुतेक वेळा आत गाठ असते. आतड्याच्या हालचालीबरोबर ती पुढे ओढली जाते आणि आतड्याची भिंतही सोबत नेते. लहान आतड्यातील गाठ पुष्कळदा साधी, चरबीचीही असते; मोठ्या आतड्यात कर्करोगाची शक्यता बरीच अधिक. म्हणून प्रौढांना सहसा शस्त्रक्रियाच करावी लागते.

फसगत होते ती अशी, की सरकलेले आतडे कधी आपोआप सुटते आणि कळ थांबते. आमच्याकडे आलेल्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने सात महिने ओवा आणि सोडा यांवर काढले. सीटी स्कॅन सुचविला होता. ‘कापूस विकल्यावर पाहू’ असे घरात ठरले. अखेर पोट फुगून, उलट्या होत असताना त्यांना मध्यरात्री आणले गेले. काळे पडलेले आतडे कापावे लागले. गाठ निघाली चरबीची, निरुपद्रवी! रुग्ण वाचला; परंतु स्कॅनचे वाचविलेले पैसे अतिदक्षता विभागात अनेक पटींनी गेले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवतात. तो निधी दाखल रुग्णांवरच बहुतांशी खर्ची पडतो. निदानापूर्वीच्या तपासणीसाठी स्वतंत्र निधी उभारावा, ही देणगीदारांस आमची नम्र विनंती.

आणि आप्तेष्टहो, राहून राहून येणारी कळ, पोटफुगी, उलटी, शौचातून रक्त यांपैकी काही वारंवार आढळल्यास कृपया ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नका. पैशांची अडचण असेल, तर आधी आमच्या कार्यालयात या. हिशेब आपण मागाहून पाहू.