खारपाणपट्ट्यांतील पाणी आणि मालमोटार



पश्चिमेकडील थंड देशांत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ सांचतो, आणि तो वितळावा म्हणून तेथील लोक रस्त्यांवर मीठ पसरतात. मिठाच्या योगानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो व वाट मोकळी होते. पण तेंच मीठ चाकांबरोबर उडून मालमोटारींच्या रेडिएटरवर बसतें आणि त्याचे पातळ पत्रे कुरतडून टाकतें. आपल्या वऱ्हाडांत बर्फ पडत नाहीं. तेव्हां ही पीडा आपल्याला नाहीं, असें सहज वाटेल. परंतु आपल्याकडे मीठ रस्त्यावर पसरावें लागत नाहीं. तें भूमीच्या पोटांतच आहे, आणि आपण तें बादलीनें उपसून स्वतःच्या हातानें एंजिनांत ओततों. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

सातपुड्यांत उगम पावून तापीस मिळणाऱ्या पूर्णा नदीचें खोरें अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलें आहे. त्यांतील साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशास खारपाणपट्टा म्हणतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगांव इकडील मंडळींस त्याचें वर्णन सांगावयास नको. वरची काळी जमीन कापसाला मानवणारी. पण विहीर खणावी तर पाणी खारें. त्यांत साबणाला फेंस येत नाहीं आणि डाळ शिजतां शिजत नाहीं. ज्या हमरस्त्याचा क्रमांक पूर्वीं ६ होता व आतां ५३ आहे, तो बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर या वाटेनें अमरावतीकडे जातो. सन २०२२ च्या जून महिन्यांत याच रस्त्यावर एका पट्टीचें ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पुरें झालें आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. रस्ता असा नवा झाला. पण त्यावरून धांवणाऱ्या कित्येक मालमोटारींच्या एंजिनांत पाणी मात्र वाटेवरच्या जुन्या विहिरीचेंच पडत असतें.

या पाण्याचें काम काय, तें प्रथम पाहूं. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं सुमारें एक तृतीयांश एंजिनाभोवतीं फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. तें तापलेलें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातें, वाऱ्यानें थंड होतें आणि पुन्हां एंजिनाकडे परततें. वऱ्हाडांतील वैशाखांत बाहेरची हवाच ४५ अंशांच्या घरांत असते. अशा वेळीं या व्यवस्थेंत थोडीही उणीव राहिली, तर एंजिन तापावयास विलंब लागत नाहीं.

खारें पाणी येथें तीन प्रकारें घात करतें. पहिला प्रकार चुन्याचा. पाण्यांतील कांहीं क्षार तप्त धातूवर घट्ट थर होऊन बसतात. घरांतील पाणी तापविण्याच्या बंबांत जी पांढरी पुटें दिसतात, तींच हीं. असा थर उष्णतेला वाट देत नाहीं. पाणी फिरत असतें, पण धातु तापतच राहतो. दुसरा प्रकार क्लोराइडचा, म्हणजे मिठांतील अंशाचा. पूर्वींच्या मालमोटारींचे रेडिएटर तांब्यापितळेचे असत. आजचे बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियमवर एक अत्यंत पातळ संरक्षक कवच आपोआप तयार होतें. क्लोराइड तें कवच ठिकठिकाणीं भेदतो आणि सुईच्या अग्राएवढीं भोंकें पाडतो. तिसरा प्रकार विजेचा. एंजिनांत लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ असे अनेक धातु एकाच पाण्याच्या संपर्कांत असतात. पाण्यांत क्षार जितके अधिक, तितकी त्यांतून वीज सुलभपणें वाहते. आणि बॅटरींत जस्त झिजावें तसा त्यांतील दुबळा धातु झिजूं लागतो.

कोणी म्हणेल, "एक बादली खारें पाणी घातलें तर असें काय बिघडतें?" त्यासाठीं शाळेंतील मुलांस घालतात तसें एक साधें उदाहरण करून पाहूं. समजा, एका मालमोटारींत ३० लिटर पाणी मावतें आणि विहिरीच्या प्रत्येक लिटरांत २ ग्रॅम क्षार आहेत. प्रथम पाणी भरलें तेव्हां ६० ग्रॅम क्षार आंत गेले. आतां झांकण सैल आहे, गाडी तापते, आणि रोज एक लिटर पाणी वाफ होऊन जातें. क्लीनर तेवढेंच पुन्हां ओततो. वाफ होऊन गेलें तें निव्वळ पाणी. क्षार मागेंच राहिले. म्हणजे रोज २ ग्रॅमची भर. ३० दिवसांत ती ६० ग्रॅम होते, आणि चार महिन्यांत आंतील क्षार मूळच्या पांचपट होतात. समुद्रकांठीं मिठागरांत याच रीतीनें मीठ पिकवितात. म्हणून एका बादलीपेक्षां रोजची ती भर घालण्याची संवय अधिक घातक होय.

दुसरी एक समजूत अशी कीं, जें पाणी माणसाला चालतें तें एंजिनाला चाललेंच पाहिजे. हें खरें नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागें २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत सूट आहे. उलट मोठीं डिझेल एंजिनें बनविणाऱ्यांपैकीं कांहींनीं ही मर्यादा अवघी ४० ठेविली आहे. वान व शहानूर येथील धरणांतून नळानें येणारें पाणी विहिरीच्या पाण्याहून पुष्कळच चांगलें, यांत शंका नाहीं. तरी एंजिनाचें नेहमींचें पाणी तें नव्हे.

मग घालावें काय? बाजारांत तयार मिसळलेलें कूलंट मिळतें. किंवा घट्ट कूलंट घेऊन त्यांत डिस्टिल्ड पाणी, एंजिनाच्या पुस्तिकेंत दिलेल्या प्रमाणांत, मिसळावें. "आपल्याकडे बर्फ नाहीं, मग कूलंट कशाला?" असें विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना सांगावयाचें तें इतकेंच कीं, गोठण्यापासून रक्षण हा त्याचा एक गुण झाला. त्यांतील औषधें धातूंस गंजूं देत नाहींत, आणि त्याच्या मिश्रणाचा उत्कलनबिंदु पाण्याहून वरचा असतो. हे दोन्ही गुण अकोल्याच्या उन्हांत हवेच आहेत. हीं औषधें कालांतरानें संपतात; म्हणून मुदत भरतांच कूलंट बदलावें. मात्र तें विषारी असून चवीला गोड असतें. जुनें काढलेलें कूलंट उघड्यावर ओतूं नये. गुरें, कुत्रीं, प्रसंगीं लहान मुलेंही त्यास तोंड लावतील.

रेडिएटरच्या बाहेरील अंगाकडेही पाहिलें पाहिजे. कापसाच्या हंगामांत सरकीचे तंतु व धूळ त्याच्या जाळींत अडकते. ती धुवावीच, पण गाडी थंड झाल्यावर, आणि गोड्या पाण्यानें. कूपनलिकेचें खारें पाणी तापल्या जाळीवर मारल्यास पाणी सुकून मीठ तेथेंच राहतें, आणि परदेशांतील त्या बर्फाळ रस्त्यांची पीडा आपण विनाकारण घरीं आणतों. आंतील थर काढण्यासाठीं तेजाब किंवा कॉस्टिक सोडाही वापरूं नये; ॲल्युमिनियम त्यांत थरासह विरघळतें.

आतां जें सांगावयाचें आहे, तें मुख्यतः गाड्यांच्या मालकांस उद्देशून आहे. डिझेलचा हिशेब लिटरालिटरानें ठेविला जातो, टायरांची नोंद असते. पण पाण्यासाठीं कोणी पैसे देत नाहीं. तें फुकटचें समजतात. मग गाडी तापली कीं पंधरासोळा वर्षांचा पोरगा बादली घेऊन जवळच्या शेतांत धांवतो. एंजिन बसलें, म्हणजे दोष ड्रायव्हरवर येतो आणि त्याच्या पगारांतून पैसे कापले जातात. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, तापलेलें झांकण घाईनें उघडतांना दाबाखालचें उकळतें पाणी त्या पोराच्या तोंडावर उडतें. एंजिन नवें बसवितां येतें. डोळे येत नाहींत. म्हणून प्रत्येक गाडींत मालकानें कूलंटचा एक डबा डिझेलप्रमाणेंच स्वखर्चानें दिला पाहिजे. गाडी तापल्यास ती बाजूला घ्यावी, कांहीं मिनिटें मंद चालूं देऊन मग बंद करावी, आणि झांकणावर हात सुखानें टेकेपर्यंत तें उघडूं नये. तप्त एंजिनांत थंड पाणी तर कधींच ओतूं नये. त्यानें हेड तडकतें. अगदींच निरुपायानें खारें पाणी घालावें लागलें, तर मुक्कामीं पोंचतांच तें काढून टाकावें, चांगल्या पाण्यानें दोनतीनदां आंतून धुवावें आणि मग कूलंट भरावें.

असें धुण्यासाठीं खारपाणपट्ट्यांत चांगलें पाणी आणावयाचें कोठून, हा प्रश्न रास्त आहे. जेथें बायकांना हंडाभर गोड्या पाण्यासाठीं तिष्ठावें लागतें, तेथें पिण्याचें पाणी एंजिनाला देणें उचित नव्हे. पण आकाशांतून पडणारें पाणी जवळजवळ क्षाररहित असतें. दहा चौरस मीटरांच्या टिनाच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेबानें १०० लिटर पाणी होतें. पहिल्या सरींचें पाणी धूळ घेऊन येतें, तें सोडून द्यावें. पुढचें स्वच्छ, झांकलेल्या टाकींत सांठवावें. प्रत्येक गॅरेजला आणि ढाब्याला हें साधण्यासारखें आहे. आपल्या विहिरीच्या पाण्याविषयीं शंका असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत तें तपासून घेतां येतें. आणि घरच्या घरीं पाहावयाचें, तर स्वच्छ कांचेवर त्याचे चार थेंब उन्हांत सुकूं द्यावे. मागें राहणारा पांढरा डाग पाहिला, म्हणजे एंजिनांत काय सांचत आहे याची कल्पना येईल.

भूमीचा खारेपणा घालविणें आपल्या हातीं नाहीं. तो एंजिनांत न जाऊं देणें मात्र सर्वस्वी आपल्या हातीं आहे, आणि त्याचा खर्च एका डब्याएवढाच आहे.