विंचवाचे बिऱ्हाड आणि पाण्याचा हिशेब



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे जराशी टवाळीनेच वापरतात. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला ती लावावयाची. गेली तीन वर्षे मी तसा विंचू झालो आहे, म्हणूनच संयोजकांनी मला येथे उभे केले असावे. शिक्षणाने मी इंजिनियर. यंत्रांच्या भागांची आरेखने संगणकावर करून देणे हा माझा पोटाचा धंदा. वर्षातील आठ महिने तो मी एका व्हॅनमध्ये राहून करतो. या घराला विजेची तार नाही आणि नळही नाही. नोकरी गेली की काय, असे आप्तेष्ट अजून हळूच विचारतात. नोकरी आहे, गेले आहे ते फक्त घरभाडे.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नव्हे. अमेरिकेत स्टीव्हन रॉबर्ट्स नावाचा गृहस्थ १९८३ साली ओहायो राज्यातील कोलंबस शहरातले आपले घर सोडून सायकलीवर निघाला. बरोबर सूर्यप्रकाशावर वीज करणारी एक पट्टी आणि मांडीवर मावेल एवढा संगणक. वाटेत लेख लिहावयाचे, टेलिफोनच्या तारेवरून पाठवावयाचे आणि त्यावर गुजराण करावयाची. पुढे एकेक यंत्र चढवीत त्याने आपल्या सायकलीचे वजन ५८० पौंडांवर नेले आणि एकंदर सुमारे १७,००० मैल तो हिंडला. हलका व्हावयास निघालेला माणूस एवढे ओझे ओढीत होता, याचे मला मोठे हसू येई. माझी स्वतःची गाडी भरून होईपर्यंत.

आता विजेचे सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. माझ्या टपावर ४०० वॅटच्या सौर पट्ट्या आहेत. आपल्याकडचे ऊन त्यांना उदारपणे मिळते. उन्हाळ्यात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट वीज हाती लागते. संगणक आठ तास चालला तर अर्धे युनिट खातो, पंखा पाव, लहानसा फ्रीज अर्धे. बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ अडीच युनिट साठवते, म्हणजे रात्रीची चिंता नाही. श्रावणात चार दिवस आभाळ भरून राहिले की मात्र गाडी चालवून इंजिनावर बॅटरी भरावी लागते. विजेच्या शेगडीवर स्वयंपाक नाही, वातानुकूलन तर नाहीच. ते एका रात्रीत माझी चार दिवसांची कमाई पिऊन टाकील. मे महिन्यात दुपारी पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी. मी झाडाखाली जाऊन बसतो. मग पट्ट्यांवर सावली पडते आणि वीज घटते! कडुलिंब आणि संगणक या दोघांना एकाच वेळी खूष करावयाची युक्ती मला अजून साधलेली नाही.

तरीही तारेपासून माणूस सुटतो. पाण्यापासून सुटत नाही. ऊन टपावर आपोआप येते, पाणी आणावे लागते. आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. माझी टाकी तेवढीच आहे. अंघोळीला तांब्याभर पाणी, भांडी आधी पुसून मग विसळावयाची, असे करीत दिवसाला सोळा लिटरमध्ये भागवतो. सहा दिवसांनी टाकी रिकामी. मग जवळच्या गावात जावयाचे. हे जाणे मी पहिल्या वर्षी फार सहज धरले होते.

याच जिरायती पट्ट्यातील एका गावी मार्चअखेर मी विहिरीवर गेलो. पाणी तळाला होते. एक आजी पोहरा ओढीत होत्या. त्यांनी माझ्या टाकीकडे पाहिले.

“किती हंडं लागतील रं बाळा?”

“सात, आजी.”

“रोज येणार हायेस का?”

“नाही, एकदाच.”

“मग भर. पर एकदाच येणारं लई येत्यात.”

मंडळी, या वाक्याने माझी झोप उडविली. मी स्वतःला स्वतंत्र समजत होतो. आणि ज्या बाईला सात हंडे म्हणजे सात वेळा कंबर वाकविणे होते, तिच्या पाण्यावर माझे स्वातंत्र्य चालले होते.

चाकांवर नसले तरी घोड्यावरचे बिऱ्हाड आपणांस नवे नाही. दिवाळीनंतर मेंढपाळ धनगरांचे वाडे निघतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या आणि वर एखादे लेकरू. तेही लोकांचे पाणी पितात. परंतु रात्री शेतात मेंढरे बसवितात आणि सकाळी त्या जमिनीत खत ठेवून जातात. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. वाडा गावातून नुसता जात नाही, देऊन जातो. मी काय ठेवून जात होतो? टायरांच्या खुणा. आपल्या मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेला मुक्काम करावा असा मोहही एकदा झाला होता. पण ते पाच चौरस किलोमीटर चिंकारांचे घर आहे, त्यांना माझ्या दिव्यांचा उपद्रव कशाला?

शेजारच्या पुरंदर तालुक्यात एक इंजिनियर असा आला की तो गेलाच नाही. विलासराव साळुंखे. पुण्यात त्यांचा अचूक मापनाची उपकरणे बनविणारा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली, पत्नी कल्पनाताईंसह तेथे राहिले, ताली घातल्या, उतारावरचे पाणी अडविले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान निघाले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा: पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मोजणीने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावावयाचा नाही. २००२ साली ते गेले. मिलिमीटरचा अंश मोजणाऱ्या माणसाला पाण्याची वाटणी माणशी करावीशी वाटली, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. मोजण्याची सवय एकदा लागली म्हणजे कोणाच्या हंड्यातून किती गेले हे डोळ्याआड करता येत नाही.

मी त्यांच्याइतका थोर नाही. मी पुढच्या आठवड्यात निघणार आहे. एवढेच ठरविले आहे की नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत टाकी भरून मगच या वरच्या अंगाला चढावयाचे. येथे भरण्याची वेळ आलीच, तर त्या दिवशी त्या गावची बंद पडलेली मोटार, स्टार्टर, गळका व्हॉल्व्ह, जे असेल ते दुरुस्त केल्यावाचून गाडी हलवावयाची नाही. वहीत दोन रकाने आहेत, घेतलेले पाणी आणि केलेले काम. पहिला रकाना अजून पुढे आहे. आजींच्या गावी मी पुन्हा गेलो होतो. विहीर कोरडी होती आणि टँकरची वाट पाहात बाया बसल्या होत्या. त्या दिवशी दुरुस्त करण्यासारखे तेथे काही नव्हते. टाकीत साठ लिटर होते, ते उतरवून दिले.

गाडी शाळेच्या पटांगणात उभी आहे. कोणास बॅटरीविषयी विचारावयाचे असेल तर अवश्य या. चहा करीन, पण कप आपला आणावा.