चिंचिला चावतो तेव्हा

घरात चिंचिला असेल, तर त्याचा चावा ओळखायला शिका. बोट हलकेच कुरतडणं ही नुसती चौकशी. कडकडून चावणं म्हणजे भीती, दुखणं किंवा उकाड्याचा त्रास. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या थंड अँडीज पर्वताचा. 25 अंशांपुढची उष्णता त्याला सोसवत नाही आणि सोलापूरचा मे महिना तर चाळिशी ओलांडतो! एसीची सोय नसेल, तर पाळूच नका. भीतीने चावू नये, म्हणून त्याला वरून झडप घालून उचलू नका. तळहात खाली धरा, त्याला आपणहून येऊ द्या. चावला तरी मारू नका. त्याचे दात आयुष्यभर वाढतात; ते झिजावेत म्हणून सुकं गवत भरपूर द्या. अचानक चावू लागला, तर पशुवैद्यांना दाखवा. तुमची जखम मात्र लगेच साबणाने धुऊन डॉक्टरांकडे जा.