रात्रीचं पाणी आणि उसातला बिबट्या

आमच्या अकोले तालुक्यात वसुबारसेला वाघबारसही म्हणतात. डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांमध्ये त्या दिवशी वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवतात आणि गुरं राखायचं साकडं घालतात. वाघाला तिथे शेजारी मानलेलं आहे, आणि त्या शेजाराचे नियम पोरासोरांनाही ठाऊक असतात.

खाली प्रवरेच्या काठाला हे नियम घडायला वेळच मिळाला नाही. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि कालव्याच्या कडेने ऊस पसरत गेला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. भर वैशाखातही आत गारवा, पाणी आणि आडोसा. बिबट्याच्या मादीला पिलं घालायला याहून चांगली जागा कुठली?

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले. 2013 साली छापलेले त्यांचे आकडे पाहा: दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 बिबटे आणि जवळपास तितकेच तरस. त्याच मुलखात माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला 300 हून जास्त. वाघाटीसारखं चिमुकलं रानमांजरही त्या कॅमेऱ्यांत आलं. म्हणजे ज्याला आपण नुसतं शिवार म्हणतो, तिथे रात्री एवढा मोठा संसार चालू असतो. बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तर वजनाच्या हिशोबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा अवघा 11. शेळ्या मात्र कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रं उकिरड्यावर मोकळं फिरतं. बंद दाराचा गोठा आणि उचललेला उकिरडा, मला वाटतं, पिंजऱ्याहून जास्त कामाचे आहेत.

कारण पिंजऱ्याचा अनुभव शेजारच्या जुन्नरने घेतला आहे. 2001 पासून तिथे बिबटे धरून दुसरीकडे सोडू लागले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. आपल्या पारनेरचंही उदाहरण आहे. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून 2009 साली काढलेला ‘आजोबा’ बिबट्या माळशेजला सोडला, तर तो चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. उचलून नेलेलं जनावर नेमून दिलेल्या जागी बसत नाही.

कोणी म्हणेल, तुम्हाला बिबट्याचा पुळका. तसं नाही. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला हे आकडे ऐकवायची माझी छाती नाही. तोडणीच्या हंगामात पाथर्डी-शेवगावची, बीडची टोळी पहाटे फडात शिरते. बायका वाकून ऊस तोडतात, आणि लेकरं पाचटावर निजवलेली असतात. फडात पिलं सापडली तर काम थांबवावं, वनखात्याला कळवावं. पिलं सापडलेल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात, माणसं लांब जातात, आणि बहुतेक वेळा मादी रात्रीतून येऊन त्यांना घेऊन जाते. तेवढा एक दिवस टोळीला द्या, तिची मजुरी न कापता द्या.

पण सगळ्यात जास्त मला बोलायचं आहे ते विजेवर. शेतीची वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रीच्या पाळीला शेतकरी नेमका बिबट्याच्या वेळेला उसात असतो. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि सुरुवातीच्याच प्रकल्पांत आपलं राळेगणसिद्धी होतं. पंपाला दिवसा वीज, हा वन्यजीव रक्षणाचाच कार्यक्रम आहे. ग्रामसभेत तो त्याच नावाने मागा.

गेल्या माघात मी चुलतभावाबरोबर उसाच्या पाण्याची दारं धरायला गेलो होतो. रात्रीचे दोन वाजले होते. बॅटरीच्या उजेडात बांधाच्या टोकाला दोन डोळे चमकले आणि उसात विझले. मी म्हणालो, चल घरी. तो म्हणाला, ‘दादा, सहाला लाईट जाईल. अजून अकरा सऱ्या राहिल्यात.’ त्याने फावड्याने पुढचं दार फोडलं, आणि मी बॅटरी उसाकडे धरून त्याच्या पाठीशी उभा राहिलो.